रिंगणीला आवतण

१

दुपारची जेवणं उरकली की आमच्या ओसरीवर दात दुखणारी माणसं येऊन बसायची. माझ्या सासूबाई जनकाबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, रिंगणीच्या वाळक्या बिया तुपात घोळून निखाऱ्यावर टाकायच्या. वर भोक पाडलेलं बोळकं पालथं घालायच्या आणि भोकात एरंडाची पोकळ दांडी बसवून तो धूर दुखऱ्या दाताला द्यायच्या. माणूस नाकाडोळ्यांतून पाणी गाळत बसायचा. मग आत्याबाई त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणायच्या, "गेली कीड. ऊठ आता." कीड मला तरी कधी दिसली नाही. ठणका मात्र थांबायचा, आणि माणूस जाताना दोन वांगी नाहीतर ओंजळभर तूर ठेवून जायचा.

मी खामगावची, सातवी पास. मला हा सगळा प्रकार करमणुकीचा वाटायचा आणि तसं मी तोंडावर बोलूनही दाखवायची. आत्याबाईंना राग यायचा नाही. "तुह्या दाताले येऊ दे एक डाव, मंग पाहू तुही शाळा," एवढंच म्हणायच्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. माणूस समोर उभा राहिला तर त्याची सावली तेवढी कळायची, पण कान असे की शेजारी वच्छलाबाईच्या घरात भाकरी करपली तरी आधी यांना समजायचं.

रिंगणी म्हणजे भुईरिंगणी. वांग्याचीच जात. फूल तर अगदी वांग्याचं, जांभळं. पण झाड उभं राहत नाही, भुईला चिकटून चारी अंगांनी पसरतं, आणि पानाच्या दोन्ही बाजूंना, देठाला, सगळीकडे पिवळे लांब काटे. गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. खोकल्यावर तिच्या मुळाचा काढा देतात. आणि ते मूळ आणायची आत्याबाईंची एक रीत होती. आदल्या सांजेला झाडापाशी जायचं, हळदकुंकू वाहायचं, तांदळाचे दाणे ठेवायचे आणि तोंडानं आवतण द्यायचं, की उद्या आमच्या घरी ये. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत जाऊन, वाटेत कुणाशी न बोलता, लोखंड न लावता, बाभळीच्या खुंटीनं मूळ उकरायचं. घरी आणलं की उंबऱ्याबाहेर त्याच्यावर पाणी घालायचं, पाहुण्याचे पाय धुवावेत तसं. काढा चुलीवर चढेपर्यंत आणणाऱ्यानं बोलायचं नाही.

हे बघून मी पदराआड हसायची. आज हसत नाही. पण आधीच सांगून ठेवते, मी काही गाऱ्हाणं घालायला बसलेली नाही. जे झालं त्याचे माझ्यावर उपकारच आहेत.

२

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यात, धाडच्या अलीकडे, एसटीच्या रस्त्यापासून आत. घरात मी, आत्याबाई आणि माझी लेक कोकिळा, जेमतेम चार वर्षांची. आमचे हे, म्हणजे रंगराव, खामगावला जिनिंगात होते. कापसाचा हंगाम चालू असला की त्यांना सुट्टी नसायची, कधीतरी एखाद्या रविवारी येऊन जायचे.

त्या हिवाळ्यात गावात डांग्या खोकला शिरला. ज्यानं तो ऐकला नाही त्याला सांगून कळायचा नाही. पोर खोकायला लागलं की खोकतच राहतं, मधे श्वास घेत नाही. तोंड लाल होतं, मग निळं. डोळे बाहेर येतात. आणि मग शेवटी श्वास आत ओढला जातो तेव्हा कोंबडा आरवावा तसा आवाज होतो. तो आवाज आला की मी हुश्श करायची. तो येईपर्यंतचा मधला वेळ मी कसा काढायची ते माझं मला माहीत. वच्छलाबाईच्या नातवाला तो आवाज एका सकाळी आलाच नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. भला माणूस. लाल औषधाची बाटली दिली, तिच्यावर कागदाची कातरलेली पट्टी, एका खाचेएवढं एका वेळी द्यायचं. म्हणाले, बाई, पोरगी अशक्त आहे, जपा. औषध मी खाचेबरहुकूम दिलं. बाटली संपत आली आणि पोरीच्या बरगड्या मोजता याव्यात इतकी ती वाळली. रात्र नाही की दिवस नाही, माझं सगळं ध्यान तिच्या पुढच्या श्वासावर. तो येईल का, एवढाच माझा संसार उरला होता.

तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "म्या सांजेले नाल्यावर जातो. रिंगनीले आवतन देऊन येतो."

आमच्याकडे बायाही 'जातो, येतो' म्हणतात, त्याचं काही वाटून घेऊ नका. मी म्हटलं, "आत्याबाई, तुमाले दिसत नाई. नाल्यावर पडसान."

"रिंगनी डोयानं पाहा लागत नाई. पायाले समजते."

आणि काठी घेऊन गेल्या.

मला त्यांचा भरवसा वाटेना. एरवी मी हसले असते, पण त्या दिवशी माझ्या मनात आलं की या चाचपडत जाणार, धोतऱ्याला नाहीतर एरंडालाच हळदकुंकू वाहून येणार, आणि माझ्या पोरीचं औषध राहणार. माणसाचा विश्वास नसतो तरी जीव अडकला की तो सगळी दारं ठोठावतो. कोकिळेला वच्छलाबाईपाशी ठेवून मी पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, जळणाला आणायला आमच्या वावरात गेले होते. परतीची वाट रिठावरून होती.

रीठ म्हणजे उठून गेलेलं गाव. आमच्याकडे अशी बरीच आहेत. घरं नाहीत, भिंती नाहीत, पांढऱ्या मातीचा उंचवटा, एक बुजलेली विहीर आणि कुठंकुठं चुलीचे दगड. लोक का उठून गेले ते कुणी सांगत नाही, कुणी विचारतही नाही. तिथं एका चुलीच्या तीन दगडांमधे रिंगणी पसरलेली होती. एवढी मोठी रिंगणी मी आधी पाहिली नव्हती, बाजेएवढी असेल. जांभळी फुलं उन्हं कलल्यावरही उघडी होती.

माझ्याजवळ हळदकुंकू नव्हतं. मी पऱ्हाट्यांचा भारा खाली टाकला, माझ्या कपाळावरचं कुंकू बोटानं पुसलं आणि तिच्या मधल्या बुंध्याला लावलं. काटा रुतला. म्हटलं, "बाई, उद्या माझ्या घरी ये. माझ्या पोरीपाशी बस. तिचा श्वास जाऊ देऊ नको." आणि मला रडू आलं. कुणी बघत नव्हतं म्हणून पोटभर रडून घेतलं आणि भारा उचलून घरी आले.

३

सकाळी उठले तर आत्याबाई आधीच जाऊन आलेल्या. पदरात मूळ, पायांना नाल्याचा चिखल, तोंड बंद. मूळ बरोबर रिंगणीचंच होतं, मी नीट बघितलं. उंबऱ्याबाहेर पाणी घालून झालं, काढा चढला, मग त्या बोलल्या, "मध काढ."

मग मी कशाला जाऊ रिठावर? एका पोरीला किती मुळं लागतात? शिवाय आत्याबाईंना सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, पाहा, सातवी पास सून झाडाशी बोलून आली. मी गप्प बसले. कोकिळेनं काढा तोंड वेडंवाकडं करत घेतला. आम्ही वाट बघत बसलो.

खोकला हलला नाही. उलट दुसऱ्या दिवशी दुपारी अशी एक उबळ आली की तिची मान माझ्या हातावर कलली आणि मी ओरडायचं विसरून नुसती तिच्या तोंडाकडे बघत राहिले. मग तो कोंबड्यासारखा आवाज आला. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या.

कोकिळेला झोप लागल्यावर घर अगदी निपचित झालं. तेव्हा मला तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. खर्र. मग थांबला. मग पुन्हा, खर्र. वावराच्या कुंपणाला बाभळीची काटेरी फांदी ओढत न्यावी तसा. गावाबाहेरून येत होता, वावरांच्या अंगानं. मी म्हटलं, कुणीतरी कुंपण घालतंय. हिवाळ्यात घालतातच. पण ओढणारा माणूस फांदी ओढत चालत राहतो, मधे इतका थांबत नाही. थकलेलं माणूस असेल, असं मीच मला सांगितलं.

पुढच्या दुपारी आवाज गावात होता, मारुतीच्या पारापलीकडे.

४

त्यानंतर अंगणात काटे सापडू लागले. पिवळे, लांब, सरळ. बाभळीचा काटा पांढरा असतो, हे मी काय तुम्हाला सांगू. सकाळी झाडून काढायची, दुपारी परत मागच्या अंगणात, पऱ्हाट्या रचून केलेल्या कुडाच्या कुंपणापासून दारापर्यंत, वाट पाडल्यासारखे. मी म्हटलं, आत्याबाईंच्या पदराला चिकटून आले असतील. शेळीनं आणले असतील. आमच्याकडे शेळी नव्हती, पण वच्छलाबाईची होती, आणि ती सदान्‌कदा आमच्या अंगणात असायची. मग ध्यानात आलं की ती दोन-तीन दिवसांत आमच्याकडे फिरकलेलीच नाही. कुडापलीकडे उभी राहायची, मान वर करून आमच्या मागच्या दाराकडे बघायची आणि माघारी वळायची.

त्या दिवशी मी चुलीपाशी होते. आत्याबाई मागच्या दारात वाती वळत बसल्या होत्या. एकदम हात थांबवून म्हणाल्या, "कोन व? ये ना माय, अशी उनात काऊन उभी?"

मी बघितलं. दारात कुणी नव्हतं. ऊन होतं, कूड होता, वाळत घातलेलं कोकिळेचं झबलं होतं.

"कोनाशी बोलून राह्यल्या आत्याबाई?"

"ते काय, उभी हाये ना बाई. पानी दे तिले."

"कोनी नाई तिथं."

आत्याबाईंनी डोळ्यांवर हात धरून पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "मले त सावली दिसते." आणि पुन्हा वाती वळू लागल्या, पण वात काही धड वळली जाईना.

मोतीबिंदूत माणसाला सावल्या दिसतात. झबलं हललं असेल वाऱ्यानं. मी आपलं असं सगळं मनात मांडत होते आणि हात मात्र पाण्याचा लोटा भरत होते. लोटा मी उंबऱ्याबाहेर ठेवला. का ठेवला, विचारू नका. चुलीवरचं उतरवून परत आले तर लोटा जागेवरच होता, आडवा झाला नव्हता, आणि आत थेंब नव्हता. तळाशी पांढरी माती बसली होती.

आमच्या गावची माती काळी. पांढरी फक्त रिठावर.

५

मी आत्याबाईंच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. रिठावरची रिंगणी, कपाळाचं कुंकू, काय बोलले ते शब्दान्‌शब्द. वाटलं होतं, हसतील. नाहीतर शिव्या देतील. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि चोळत राहिल्या.

"दोघीनं दोघीले आवतन देलं," त्या म्हणाल्या. "माही आनली. तुही राह्यली."

"मंग आता जाऊन आनतो ना मी."

"जाऊन पाहा. असली त आन."

दुपार कलत होती. कोकिळा झोपली होती, श्वास घरघरत होता. मी बाभळीची खुंटी घेतली आणि निघाले. मनात म्हणत होते की रिंगणी तिथंच असणार, चुलीच्या दगडांमधे, मी तिला उकरून आणणार आणि हा सगळा खेळ संपणार. पायात चपला नव्हत्या हे वाटेत कळलं.

रिठावर तीन दगड होते. मधे खड्डा होता. कुणी उकरलं तर माती एका बाजूला पडते. ही माती चारी बाजूंना वर येऊन फाटलेली, आतून कुणी पाठीनं ढकलल्यासारखी. खुंटीचा, कुदळीचा, कशाचाही घाव नाही. आणि खड्ड्यापासून धुळीत एक रुंद ओढ, काहीतरी ओढत गेल्याची खूण, निघाली होती. दोन्ही काठांना बारीक बारीक टोचे. मी म्हटलं, वैदू येऊन गेले असतील. वैदू नेतातच ना रिंगणी, खामगावच्या बाजारात विकायला. हे मी मोठ्यानं म्हटलं, कारण तिथं दुसरा काही आवाज नव्हता.

पण ती ओढ खामगावच्या रस्त्याकडे जात नव्हती. थोडी जायची, थांबायची, थांबल्या जागी धूळ गोल दबलेली असायची, बसून दम खाल्ल्यासारखी. मग पुन्हा पुढं. ती आमच्या गावाकडे गेली होती. आमचं वावर ओलांडून, माझ्याच पायवाटेनं.

घरी पोरगी होती आणि एक आंधळी म्हातारी. मी पळत सुटले.

६

पुढच्या दारानं आत शिरले. आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या, पाठ आतल्या खोलीकडे. माझी चाहूल लागताच त्यांनी मान वळवली.

"तू कवा बाहेर गेली व?" त्या म्हणाल्या. "आत्ताच त मांगच्या दारानं आली न. पोरीपाशी जाऊन बसली. म्या म्हटलं चहा ठेवू काय, त काई बोलली नाई."

मी आतल्या खोलीकडे कान लावला होता. कोकिळेची घरघर ऐकू येत नव्हती. खोकला नव्हता, कण्हणं नव्हतं, काहीच नव्हतं. मग आतून हळू आवाज आला. खर्र. थांबून पुन्हा, खर्र.

मी चुलीतलं जळतं लाकूड ओढलं. आत्याबाईंनी अंदाजानं माझा पदर पकडला. "पुष्पा," त्या अगदी हळू म्हणाल्या, "आपनच बोलावलं तिले. आधी पोरगी पाहा."

आतल्या खोलीत उजेड फक्त झरोक्यातून यायचा, आणि दिवस मावळायला आला होता. कोकिळेच्या अंथरुणाशी कुणीतरी होतं. पाठ माझ्याकडे. बसलं होतं असं म्हणवत नाही, भुईवर चारी बाजूंना पसरलं होतं आणि मधे तेवढं उंच होतं. माझ्या जुन्या लुगड्याचा रंग असावा तसा हिरवट करडा रंग. एक हात पोरीच्या छातीवर फिरत होता. हात म्हणते, कारण दुसरा शब्द माझ्याजवळ नाही. गळ्यापासून पोटापर्यंत खाली, मग उचलून पुन्हा वर. उबळ आली की मी फिरवायची, तसाच. तो फिरला की खर्र वाजायचं.

माझ्या हातातलं लाकूड तडतडलं. ते थांबलं. डोकं जरासं वळलं, पूर्ण नाही. कपाळाचा तुकडा तेवढा दिसला. त्यावर कुंकू होतं, घाईघाईत बोटानं लावलेलं, तिरपं.

एक पाऊल पुढं टाकलं असतं तर लाकूड तिला लागलं असतं. वाळकं झाड, पेटायला काय वेळ? मी हात उगारलाही होता. तेवढ्यात कोकिळेनं श्वास घेतला. आरवणं नाही, घरघर नाही. लांब, मोकळा, पोटातून आलेला श्वास, दूध पिऊन झोपलेल्या पोराचा असतो तसा. मग सोडला. मग दुसरा घेतला. त्या हिवाळ्यात मी तिचा असा श्वास ऐकला नव्हता.

माझा हात आपोआप खाली आला. मी मागच्या मागं चुलीपाशी आले, लाकूड चुलीत सारलं, तांब्याभर पाणी घेतलं आणि खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलं. मग दाराकडे पाठ करून आत्याबाईंच्या शेजारी बसले. आम्ही दोघी चुलीतल्या विस्तवाकडे बघत पोरीचा श्वास ऐकत बसलो. भीती वाटत होती, मरणाची वाटत होती. आणि त्या भीतीतच मी हात जोडले होते, ते सोडायचं मला सुचलं नाही.

७

कोकिळा उठली ती भूक लागली म्हणून. ज्वारीची पेज मागून घेतली. छातीवर बारीक ओरखडे होते, गळ्यापासून पोटापर्यंत, एकही रक्ताळलेला नव्हता. पुढच्या आठवड्यात ती अंगणात पळायला लागली. रविवारी हे आले, पोरीला खांद्यावर घेऊन गावभर फिरले आणि म्हणाले, "डॉक्टरची दवाई लागू पडली." मी मान हलवली. असेलही. डांग्या खोकला आपली मुदत संपली की आपसूक जातो, असंही म्हणतात. मी काही त्यांच्याशी वाद घातला नाही.

पण एक दिवस पोरीची वेणी घालत होते तर ती म्हणाली, "तुहे हात मऊ काऊन झाले माय?"

"माहे हात असेच हायेत."

"दुपारच्या मायचे खरखर लागते."

"दुपारची माय कोन व?"

तिनं कुडाकडे बोट दाखवलं आणि हसली. "ते बोलत नाई. नुसतं चोयून देते."

कुडाच्या पलीकडे न्हाणीचं पाणी मुरतं तिथं मी गेले. न्हाणीच्या भिंतीला लागून रिंगणी पसरली होती. मागच्या पंधरवड्यात तिथं गवतसुद्धा नव्हतं, आणि आता तिला फळं धरली होती, पिवळीजर्द, सुपारीएवढी.

आत्याबाई म्हणाल्या, "पाहुनी हाये. पोरगी सुधरली, आता तिले निरोप देला पायजे. ओटी भर, चांगली बोल, आन रिठावर नेऊन पोचव."

त्यांचं बरोबर होतं. मी खण घेतला, नारळ घेतला, गहू घेतले. दिवसाउजेडी तिच्यासमोर बसले, ओटी भरली, हळदकुंकू वाहिलं, या वेळी करंड्यातलं. म्हटलं, "बाई, तू नसती तर माझी पोरगी नसती. माझ्या कातड्याचे जोडे करून तुझ्या पायात घातले तरी फिटायचं नाही." हे तोंडदेखलं नव्हतं. आतून आलं होतं. आता पुढं निरोपाचं बोलायचं होतं, आणि मला पुढचा हिवाळा दिसायला लागला. त्याच्या पुढचा दिसायला लागला. कोकिळेचं निळं तोंड दिसलं.

"राहा," मी म्हटलं. "इथंच राहा."

पानं हलली. वारा नव्हता, असं मला वाटतं. असेलही.

आत्याबाईंनी दारातून ऐकलं होतं. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी चाचपत माझ्या तोंडावर हात फिरवला. म्हणाल्या, "मंग पोरगी एकटी तुही राहनार नाई, पुष्पा."

"न राहू दे," मी म्हटलं. "जगू दे."

८

कोकिळा पुन्हा कधी खोकली नाही. गावात गोवर येऊन गेला, सर्दीपडसं तर दर हिवाळ्याला, हिला शिंक नाही. दुपारी आम्ही सगळे आडवे झालो की ती उठून कुडापलीकडे जायची. सुरुवातीला मी जागी राहायची. तिची बडबड ऐकू यायची, शाळेतलं, मैत्रिणींचं, माझ्या चुगल्या. मधे खर्र वाजायचं. मग ती खुदकन हसायची. मला सांगत नव्हती अशा गोष्टी तिथं सांगायची. हाक मारावी असं कितीदा आलं मनात. मारली नाही. आत्याबाई गेल्या तेव्हा पोरगी माझ्या कुशीत रडली नाही, तिकडे जाऊन रडून आली आणि मग माझी समजूत घालायला बसली.

दात दुखणारी माणसं नंतर माझ्याकडे येऊ लागली. मी धूर देते, हसत नाही. बिया मी नाल्यावरच्या रिंगणीच्या आणते. कुडापलीकडच्या रिंगणीला आम्ही कुणी कधी हात लावला नाही.

मग कोकिळेचं लग्न ठरलं, मोताळ्याचं स्थळ, मुलगा शाळेत मास्तर. मांडव पुढच्या दारात घातला. पाठवणीची वेळ झाली, जीप येऊन उभी राहिली, बायका डोळे पुसायला लागल्या. मी पदर सावरून उंबऱ्यात उभी राहिले, की आता पोरगी येईल आणि गळ्यात पडेल. ती घरात आली, माझ्याकडे बघितलं आणि तशीच माझ्या शेजारून, शालूचा घोळ सांभाळत, मागच्या दारानं बाहेर गेली. बायकांना वाटलं, तुळशीला नमस्कार करायला गेली. आमची तुळस पुढच्या अंगणात आहे.

बराच वेळ लागला. जीपवाल्यानं भोंगा वाजवला. ती आली तेव्हा गालावर दोन बारीक ओरखडे होते, आणि डोळे रडून रडून सुजलेले. मग ती माझ्या गळ्यात पडली. मी तिला घट्ट धरलं. माझ्या खांद्यावर तिचा श्वास चालू होता, हुंदक्यांमधूनसुद्धा लांब, मोकळा, कुठं अडत नव्हता. आधी तिकडे गेली आणि मग माझ्याकडे आली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. खूप वाईट वाटलं.

जीप गेली, माणसं पांगली. हे मांडवात जेवणाऱ्यांचं बघत होते. मी मागच्या अंगणात आले. कुडापलीकडून आवाज येत होता, नेहमीचा नव्हे. काटे एकमेकांवर थरथरावेत तसा, थांबून थांबून, एकट्या बाईनं तोंडात पदर कोंबून रडावं तसा. इतक्या वर्षांत मी कूड ओलांडून दुपारी तिकडे कधी गेले नव्हते. गेले. तिच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही. भिंतीला पाठ लावून, समोर बघत तिच्या शेजारी भुईवर बसले, आणि आम्ही दोघी रडलो.